गाडीच्या पुढं चालणारी सफुरा

उंबरपेठेच्या नाक्यावर गाडी थांबली की सफुरा मुकादम तिकिटाचं मशीन ड्रायव्हरच्या मागच्या खोक्यात ठेवायची, खाकी गणवेशावरची ओढणी कानामागं घट्ट खोचायची आणि खाली उतरायची. तिथून बसस्थानकापर्यंत ती पुढं आणि गाडी मागं. गळ्यात शिट्टी असायची, पण ती क्वचितच वाजायची. बहुतेकांना ती नावानंच हाक मारायची. "हिरूकाका, सायकल आत घ्या. अगं ए पोरी, मोबाईल ठेव नि सर बाजूला. बुधाजीदादा, टोपली, टोपली!" माणसं सरायची, तिच्या मागं गाडी सरकायची, आणि गाडी पुढं गेली की माणसं पुन्हा रस्ताभर पसरायची.

उंबरपेठ म्हणजे हा एकच रस्ता. चौक-कर्जत रस्त्याच्या नाक्यावर सुरू होतो आणि तळ्याकाठच्या बसस्थानकापाशी संपतो. बैलगाड्यांच्या काळातली पेठ ती. मधोमध भातगिरणीची दगडी भिंत रस्त्यात पुढं आलेली आणि तिच्या समोर अबूबकर चाचांचं दोऱ्या, बादल्या, ताडपत्र्यांचं दुकान. या दोहोंमधल्या अरुंद जागेला सगळे चिमटा म्हणत. गाडी चिमट्यात शिरली की डाव्या खिडकीतल्या माणसाचा हात चाचांच्या बादल्यांना लागायचा आणि उजव्या खिडकीतल्याला भिंतीच्या दगडांमधल्या मुंग्या दिसायच्या.

सफुराचं माहेर चौक गावातलं. बापाचं जुन्या हायवेला लागून पंक्चरचं दुकान होतं. ट्रकांच्या आवाजात ती झोपायला शिकली आणि ट्रकांच्या आवाजातच अभ्यास करून बारावी झाली. लग्न होऊन उंबरपेठेत आली तेव्हा मुझम्मिल, तिचा नवरा, खोपोलीकडच्या एका कारखान्यात होता. पुढं तो शिडीवरून पडला आणि कंबरेतून कायमचा अधू झाला. घरात बसून मोबाईल दुरुस्तीची कामं तो करू लागला, पण त्यावर घर चालेना. कंडक्टरच्या भरतीची जाहिरात त्यानंच तिला वाचून दाखवली.

अबूबकर चाचा म्हणजे सफुराचे चुलतसासरे. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. "मुकादमांची सून गर्दीत घुसून लोकांकडं पैसे मागनार?"

"पैसे नाय मागनार, चाचा. तिकीट देनार," सफुरा म्हणाली.

चाचा बराच काळ तिच्याशी बोलले नाहीत. पुढं मात्र दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला तेच सांगू लागले, "ती बगा आमची सून. तिनं हात वर केला की अख्खी पेठ थांबते."

गाडीच्या पुढं चालायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. मालोजी म्हणून एक ठार बहिरा म्हातारा होता. एकदा चिमट्यात तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून छत्रीची काडी सरळ करत बसला. हॉर्न त्याच्या कानापर्यंत पोचला नाही आणि गाडीचं तोंड त्याच्या पाठीला जाऊन टेकलं. नुसतं टेकलं. म्हातारा वळला, गाडीकडं बघून हसला आणि बाजूला झाला. गाडीतली माणसंही हसली. सफुराला मात्र पुढची सगळी फेरी नीट तिकीट फाडता आलं नाही. तेव्हा अजून मशीनं आली नव्हती. त्या दिवसापासून ती नाक्यावर उतरू लागली.

तिचे केस कानशिलावर पांढरे झाले तोवर पेठही बदलली होती. आसपासच्या डोंगरपायथ्यांना बंगले उठले होते. शनिवार-रविवार मुंबईच्या मोटारी यायच्या. प्रत्येक दुकानाच्या दारात दुचाक्यांची रांग. फ्रीज, खुर्च्या, गाद्या दुकानातून बाहेर येऊन रस्त्यावर उभ्या. रस्ता होता तेवढाच राहिला आणि पेठ सुजत गेली. आधी सफुराला पसरलेल्या दोन्ही हातांच्या पलीकडं मोकळी जागा दिसायची. आता हात पसरले की बोटं कुणाच्या ना कुणाच्या खांद्याला लागायची.

त्याच सुमारास वाल्मिक तिच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून आला. बीडकडचा गडी, घाटात गाडी चालवलेला, शांत. पण चिमट्यापाशी आला की त्याच्या कपाळावर घाम फुटायचा.

"ताई, घाटात दरी दिसती, म्हणून भ्या वाटत न्हाय," एकदा स्थानकावर चहा पिताना तो म्हणाला. "हितं काय दिसतच न्हाय. नुसती डोकी दिसत्यात. खाली पाय कुठं हायत, कुणाला म्हाईत?" थोडं थांबून तो म्हणाला, "मला झोपंत ती भित्त दिसती. गाडी बंद आसती, आन भित्त पुढं येत आसती."

"गप ऱ्हावा भाऊ. असं बोलू नये," सफुरा म्हणाली. पण तो पेला तिनं अर्धाच ठेवला.

मग एका दुपारी एका नव्या नवरीचा पदर गाडीच्या बंपरच्या खिळ्यात अडकला. गाडी चालली होती हळू, पण ती पोरगी ओढली जाऊन गाडीबरोबर उलट्या पावलांनी धावू लागली, आणि तिच्या तोंडून आवाज फुटेना. सफुरानं मागं वळून बघितलं म्हणून वाल्मिकनं ब्रेक दाबला. पदर टरकन फाटला. पोरगी खाली बसली आणि बसल्या बसल्या हसू लागली, थांबेचना. तिच्या हसण्यानं आजूबाजूच्या बायांच्या अंगावर काटा आला.

गिरणीच्या भिंतीखाली कोंडी बसायची. डोंगरातल्या ठाकरवाडीची म्हातारी, दिवसाआड रानातलं काही ना काही घेऊन यायची. पावसाळ्यात शेवळं, कंटोळी, उन्हाळ्यात करवंदं, मध्येच कधी डिंक. ती सफुराच्याच गाडीनं यायची आणि सफुराच्याच गाडीनं जायची. त्या दिवशी ती उठून आली, फाटका पदर उचलून नवरीच्या हातात दिला आणि सफुराच्या कानाशी येऊन म्हणाली, "या भिंतीला कायतरी हवं हाय गं बाय. कवाधरनं मागतेय."

सफुरानं तिला रागानं गप्प केलं. त्या रात्री मात्र तिनं मुझम्मिलला ते सांगितलं.

नगरपंचायतीची नवी अध्यक्ष नम्रता. शाळेत शिकवणारी, तरुण. पदर अडकल्याची गोष्ट तिच्यापर्यंत गेली आणि तिनं शाळेच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं. तिचं म्हणणं सरळ होतं. गाड्या नाक्यावरच थांबवायच्या. पेठेत फक्त पायी चालणारी माणसं. मधे बाकडी, सावलीला झाडं.

सभेत गोंधळ उडाला. अबूबकर चाचा उठले. "गिऱ्हाईक नाक्यावर उतरलं तर नाक्यावरच खरेदी करंल. आत कोन येतंय? आमी काय बाकड्यांवर बसून माशा मारायच्या?" वाड्यांवरची माणसं म्हणाली, डोक्यावर ओझं घेऊन हमरस्त्यावरून तळ्यापर्यंत तंगडतोड कोण करणार, दवाखाना तर स्थानकाशेजारी. नम्रतानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "सफुराताई, रोज गाडीपुढं तुम्ही चालता. तुम्हाला काय वाटतं?"

सभागृहात सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. सफुराला वाल्मिकचं बोलणं आठवलं, कोंडीचंही आठवलं. पण समोर चाचा होते, कडेला वाडीतल्या बाया बसल्या होत्या, त्यांत कोंडीही होती, आणि इतक्या वर्षांत पेठेत तिच्या गाडीनं कुणाला साधं खरचटलंही नव्हतं, हेही खरं होतं. त्याचा तिला अभिमान होता.

"गाडी आत येऊ द्या," ती म्हणाली. "म्हाताऱ्या मानसांनी जायचं कसं? मी पुढं चालते तवर कोनाच्या केसाला धक्का लागनार नाय."

टाळ्या पडल्या. वाल्मिक मागं दाराशी उभा होता. त्यानं टाळी वाजवली नाही.

नम्रतानं मग मधला मार्ग काढला. गाड्या आत येतील, पण चालणाऱ्यांना वेगळी जागा हवी. दुकानांच्या कडेनं उंच फूटपाथ बांधायचा आणि त्याला लोखंडी कठडा. म्हणजे माणसं कठड्याच्या आत, गाडी कठड्याच्या बाहेर. ऐकायला कुणालाही पटावं असंच होतं ते, आणि सफुरालाही पटलं.

दिवाळीनंतर कठडा उभा राहिला. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, छातीएवढा. महिनाभर पेठ शहाण्यासारखी वागली. मग एका दुकानदारानं फूटपाथवर दोन खुर्च्या ठेवल्या. शेजाऱ्यानं गाद्या ठेवल्या. चाचांनी बादल्यांच्या उतरंडी कठड्यालाच बांधल्या. हळूहळू फूटपाथ दुकानांच्या पोटात गेला आणि माणसं पुन्हा रस्त्यावर आली.

पण आता एक गोष्ट वेगळी होती. पूर्वी गाडी आली की माणसं पटकन दुकानाच्या पायरीवर चढायची. पाण्यात पाय टाकल्यावर माशांची पिल्लं पांगतात तशी पांगायची. आता त्यांच्या आणि पायऱ्यांच्या मधे लोखंड उभं होतं. सफुरानं हाक मारली की ती कठड्याला पाठ लावून, पोट आत ओढून, बाजूच्या माणसाचा दंड धरून उभी राहायची, आणि गाडी त्यांच्या नाकासमोरून जायची. गाडी जाईपर्यंत पेठेत एक विचित्र शांतता पसरायची. सफुराला ती शांतता गोंगाटापेक्षा नकोशी वाटू लागली.

एकदा तिनं चाचांना विनवलं. "चाचा, बादल्या तेवढ्या आत घ्या ना. मानसांना जागा नाय."

"सगळ्यांनी घेतल्या की मीबी घेईन," चाचा म्हणाले. तिनं मग शेजाऱ्याला विचारलं. त्यानंही तेच सांगितलं.

शिमग्याच्या आदल्या दिवसाचा बाजार. उंबरपेठेत वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी त्या दिवशी. त्या वर्षी रमजानही त्यातच आलेला. सफुराचा रोजा होता. उन्हानं डांबर मऊ झालं होतं आणि घसा कोरडा पडला होता. नाक्यावर गाडी थांबली तेव्हा तिनं आत नजर टाकली आणि तिचे पाय जागीच थांबले. रस्ता दिसतच नव्हता. पिचकाऱ्यांचे स्टॉल, साखरेच्या गाठ्या, खजुराचे ढीग, आणि मधे डोकी, नुसती डोकी. कुठंतरी आत ढोल वाजत होता.

ती खिडकीपाशी आली. "वाल्मिकभाऊ, आज आत नको. सगळ्यांना इथंच उतरवू."

वाल्मिक लगेच गाडी बंद करायला गेला. पण आतून आरडाओरडा झाला. एकाच्या पायाशी तांदळाचं पोतं होतं, एका बाईच्या कडेवर तापानं फणफणलेलं पोर होतं. "दवाखान्यापाशी सोडा हो बाय, इतक्या उनात कशी जाऊ?" ती रडकुंडीला आली. "रोज तर नेता. आजच काय झालं?" मागून कुणी तरी म्हणालं, "सफुराबाई पुढं हायत ना, मग काय भ्यायचं!"

सफुरानं त्या पोराच्या कपाळाला हात लावला. चटका बसला. ती वळली, हात पसरले आणि चालू लागली.

पहिला टप्पा नीट पार पडला. लोक सरत होते, पण नाखुशीनं आणि थोडेच. चिमट्याच्या तोंडाशी आल्यावर तिला समोरून टेम्पोचं टप दिसलं. स्थानकाकडून परतणारा गाठ्यांच्या खोक्यांचा टेम्पो कुणी तरी आत घातला होता आणि तो चिमट्याच्या पलीकडच्या टोकाला येऊन फसला होता. त्याला मागं जायला जागा नव्हती, कारण त्याच्या मागून ढोलवाली पोरं आली होती. सफुरानं हात वर केला. वाल्मिकनं गाडी थांबवली आणि इंजिनही बंद केलं. गाडीचं तोंड चिमट्यात होतं, बाकी धड बाहेर.

मधल्या जागेत माणसं अडकली. एका बाजूला भिंत, एका बाजूला कठडा आणि बादल्या, पुढं टेम्पो, मागं गाडी. टेम्पोच्या कडेनं ढोलाचा नाद ऐकून आणखी माणसं आत घुसत होती. आतल्यांना बाहेर यायचं होतं, बाहेरच्यांना आत काय चाललंय ते कळत नव्हतं. सफुरानं शिट्टी फुंकली. ढोलात ती तिची तिलाच ऐकू आली नाही. तिनं नावं घेऊन हाका मारल्या. पण समोरच्या तोंडांपैकी एकही तोंड तिच्या ओळखीचं नव्हतं.

मग कुणी तरी ओरडलं, "गाडी सुटली रं! गाडी आली!"

गाडी तसूभरही हलली नव्हती. पण त्या आरोळीसरशी सगळी गर्दी एकदम भिंतीकडं लोटली आणि तिथून उलटी मागं आली. सफुराचे पाय जमिनीवरून सुटले. ती गाडीच्या तोंडावर जाऊन आपटली आणि तिथंच दाबली गेली. श्वास आत जाईना. तिच्या डोळ्यांसमोर एका बाईचा हात वर आला, हातातली गुलालाची पुडी फुटली, आणि सगळं लाल झालं. कुणी ओरडत नव्हतं. ओरडायला छातीत हवा लागते. ढोल तेवढा वाजत होता.

तिनं काचेवर मूठ आपटली. वर वाल्मिकचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं हातानं पुढच्या दाराकडं दाखवलं आणि मग गाडीच्या मागच्या टोकाकडं. एकदा, दोनदा. आणि त्याला कळलं. पुढचं दार उघडून त्यानं मागं उडी मारली, "उतरा, मागनं उतरा, संकटाचं दार उघडा!" म्हणून प्रवाशांवर ओरडत.

पुढच्या दारापर्यंत आडवं अंग सरकेल एवढी फट होती. त्याच्या मागं कठडा गाडीला टेकलाच होता. सफुरानं सरकत सरकत त्या फटीत अंग घातलं, पायरीवर चढली आणि सापडेल तो हात धरून आत ओढू लागली. एक बाई आली, तिच्यामागून एक पोरगी, मग दोघं बाप्ये. "आतनं जा! मागनं उतरा! थांबू नका!" माणसं गाडीत पुढच्या दारानं शिरत होती, सीटांमधून धडपडत मागच्या संकटकाळच्या दारापाशी जात होती आणि तिथून मोकळ्या रस्त्यावर उड्या टाकत होती. बाकीची सगळी वाट बंद होती, म्हणून ती गाडीच तेवढी वाट झाली. वाल्मिक मागच्या दाराशी उभा राहून म्हाताऱ्यांना खांद्यावर घेऊन उतरवत होता. पलीकडं चाचांनी कोयत्यानं दोऱ्या तोडून बादल्या पाडल्या आणि कठड्यावरून हात खाली घालून पोरं वर घेतली.

ढोल थांबला तेव्हा सगळ्यांचं कण्हणं ऐकू येऊ लागलं.

गर्दी विरळ झाल्यावर भिंतीखाली कोंडी दिसली. रंगासाठी ती त्या दिवशी पळसाची फुलं घेऊन आली होती. ती भिंतीला टेकून बसलेली होती, रोजच्यासारखीच, फक्त मान एका बाजूला कलली होती आणि टोपली तिच्या छातीत शिरल्यासारखी चपटी झाली होती. सफुरानं तिच्या तोंडाशी कान नेला. श्वास होता. भांड्यात पाणी घुसताना होतो तसा आवाज त्यात होता.

"कोंडीआई, मी सफुरा गं."

"गाडी... हलली नाय," कोंडी म्हणाली. जणू काही सफुराची साक्षच देत होती.

तिला सीटवर आडवी करून, तापलेल्या पोराला आणि आणखी जखमींना घेऊन वाल्मिकनं गाडी उलटी, मागच्या मागं नाक्यापर्यंत काढली आणि थेट मोठ्या दवाखान्यात नेली. सफुरा कोंडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. वाटेत कुठल्या तरी मशिदीतून सांजेची अजान ऐकू आली. तिनं रोजा सोडला नाही, कारण पाणी घ्यायला तिचा हात मोकळा नव्हता.

पाडव्याच्या आधी कोंडी दवाखान्यातच गेली. बाकीचे सगळे वाचले.

पेपरांत सफुराचा फोटो आला. शेकडो जीव वाचवणारी वाघीण, असं कुणी तरी लिहिलं. तिच्या सत्काराची गोष्ट निघाली. ती नम्रताच्या घरी गेली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, शाल नको. गाड्या बंद करा. त्या दिवशी तुमचं खरं होतं. मी सगळ्यांसमोर बोलले, मानसांनी माझं ऐकलं, आनि मी चुकले."

"कठडा तर मीच बांधला," नम्रता म्हणाली.

या वेळी कुणी विरोध केला नाही. गाड्या नाक्यावर थांबू लागल्या. कठडा कापून नेला. चाचांनी बादल्या न सांगता आत घेतल्या. पेठेत बाकडी आली, झाडं लावली गेली. म्हातारी माणसं रस्त्याच्या मधोमध निवांत चालू लागली. दवाखान्यापर्यंत एक ई-रिक्षा सुरू झाली, ती कधी असायची, कधी नसायची. धंदा काहींचा वाढला, काहींचा बसला. चाचांचा बसला, पण त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

सफुराला आता नाक्यावर उतरायचं कारण उरलं नव्हतं. गाडी थांबायची, माणसं उतरायची, गाडी वळायची. पहिले काही आठवडे तिला शांत झोप लागली.

मग श्रावणात तिला संध्या दिसली. संध्या म्हणजे कोंडीची लेक. हमरस्त्याच्या कडेला, डांबरावरच्या पांढऱ्या पट्टीला लागून ती कंटोळ्यांची टोपली घेऊन बसली होती. तिच्या पाठीमागं चिखलानं भरलेली चर होती आणि पुढ्यातून ट्रेलर जात होते. एकेक ट्रेलर गेला की तिच्या पदराचं शीड व्हायचं.

सफुरा धावतच खाली उतरली. "संध्या! अगं इथं काय बसलीस? आत जा. पेठ सगळी मोकळी हाय."

"मोकळीच हाय गं मावशी," संध्या म्हणाली. "म्हनून तं इथं बसलेय. मानूस इथं उतरतं, इथंच घेतं, इथनंच गाडी धरतं. आत कोन येतंय माझी कंटोळी घ्याया?"

"तुज्या आईचं काय झालं ते..."

"आईला मानसांनी मारली. इथं मानसं नायत," संध्या हसून म्हणाली. सफुराला ते हसणं सोसवलं नाही.

ती पुन्हा नम्रताकडं गेली. नाक्यावर शेड हवी, रस्ता ओलांडायला काही तरी हवं, बसायला ओटा हवा. नम्रतानं सगळं मान्य केलं आणि डोळे मिटून म्हणाली, "तो रस्ता आमच्या हद्दीत नाही, सफुराताई. मी अर्ज केलाय. पुन्हा करते."

तेव्हापासून प्रत्येक फेरीला सफुरा संध्याची टोपली उचलून पट्टीपासून मागं, चरीच्या काठाला ठेवते. गाडी परत येते तेव्हा टोपली पुन्हा पट्टीवर असते. आता तिच्या शेजारी आणखी दोघी-तिघी बसू लागल्या आहेत. एकीनं नारळाच्या झावळ्यांचा आडोसा केला आहे. संध्याकाळी उतरणारी माणसं त्यांच्याभोवती घोळका करून उभी राहतात, पाठ रस्त्याकडं करून.

परवा उन्हं उतरताना गाडी निघायची वेळ झाली. वाल्मिकनं इंजिन चालू केलं आणि घंटीची वाट बघत आरशात पाहिलं. सफुरा दाराशी उभी होती, एक हात घंटीच्या दोरीवर. चौक गावाकडच्या उतारावरून एक ट्रेलर खाली येत होता, पावसानं निसरड्या झालेल्या रस्त्यावर त्याचं मागचं धड किंचित डावीउजवीकडं होत होतं. पट्टीवर गिऱ्हाइकांचा घोळका होता.

"ओ बाय, मारा की घंटी! उशीर होतोय!" आतून कुणी तरी ओरडलं.

वाल्मिकनंही आरशात तो ट्रेलर बघितला होता. त्यानं गाडी न्यूट्रलला टाकली.

ट्रेलर घोळक्याच्या पाठीला चाटून गेल्यासारखा गेला. एका माणसाची टोपी उडून चरीत पडली. लोक हसले, टोपीवाला चिखलात उतरला, संध्यानं कंटोळी पुन्हा तराजूत टाकली. सफुरानं हातातली दोरी अजून ओढली नव्हती. उतारावर दुसऱ्या ट्रेलरचे दिवे दिसू लागले होते.